डाव्या पायाचे झिंगे

सोमवारी तीन होते.

लेपुना गावच्या डोहात, काळ्या दगडाच्या कडेशी, पाण्यात सोडलेल्या आकेनेसेच्या डाव्या पायावर तीन झिंगे. बोटभर लांब, काचेसारखे. खालचा दगड त्यांच्या अंगातून दिसायचा. तिचा धाकटा भाऊ पेनिआता समोरच्या काठावरून बांबूच्या जाळीने वाळकी पानं काढत होता. त्याची नजर तिकडे गेली आणि जाळी पाण्यातच राहिली.

या डोहातल्या वामी कोणी धरत नाही, झिंगेही धरत नाही. गावात दुसरे झरे आहेत, बायकांचा वेगळा, पुरुषांचा वेगळा. तिथले झिंगे नारळाच्या दुधात शिजतात आणि लोक बोटं चाटतात. इथले झिंगे वामींचे. डोह राखायचा तो या घरातल्या बहिणीने, आणि तिच्या भावाने तिच्या हाताखाली पानं काढायची, दगड बसवायचे, माशांचे डबे आणून द्यायचे. आधी आजोबांची बहीण राखायची, तिला सगळे आजीच म्हणत. मग आत्या. आता आकेनेसे, चौसष्ट वर्षांची, अंगाने भरदार आणि आवाजाने त्याहून भरदार.

"ये गं म्हातारे," ती वाकून म्हणत होती. बांगड्याचा तुकडा दोन बोटांत धरलेला. "कालचा नाही हो, आत्ताच फोडलाय डबा. ये."

दगडाखालून म्हातारी आली. मांडीएवढी जाड, डोळ्यांत निळी साय असलेली वाम. तिने तुकडा घेतला, तोंड अर्धवट उघडं ठेवून तशीच थांबली. आता झिंगे यायला हवे होते. रोज येतात. कल्ल्यांत शिरतात, दातांच्या फटींतून फिरतात, कातडीवरचं मेलेलं, सुटलेलं, कुजलेलं सगळं चिमट्यांनी टिपून खातात. म्हातारी तेवढा वेळ डोळासुद्धा हलवत नाही. न्हावी, दाई, दातांचा डॉक्टर, तिचं सगळं तेच.

ती थांबली. चार-पाच आले. बाकीचे तीन आकेनेसेच्या पायावर होते.

"पेनिआता! बघितलंस का?" आकेनेसे हसली. "माझ्याकडे आले! तिला सोडून माझ्याकडे!"

"बघतोय."

"आणि काही कळतसुद्धा नाही बघ. इतके हळू हात आहेत यांचे."

पेनिआताने जाळी बाहेर काढली. ती झटकली. एकही पान नव्हतं, तरी झटकली.

लहानपणी दोघं याच दगडावर बसून पाण्यात पाय सोडत. झिंग्यांचे चिमटे लागले की असल्या गुदगुल्या होत की आकेनेसे किंचाळून पाणी उडवायची, आणि आजी काठी घेऊन यायची. तेव्हा झिंगे क्षणभर टेकायचे आणि निघून जायचे. जिवंत कातडीवर त्यांना काही मिळत नाही.

जे पेनिआता बोलला नाही

गुदगुल्या कशा होत नाहीत?

हे तो बोलू शकला नाही, त्यामागचं कारण

दहा वर्षांचा झाला तेव्हापासून तो बहीण झोपते त्या छपराखाली झोपला नाही. तिच्या चटईवर बसला नाही. तिच्यासमोर पोट, पाठ, पाय, दुखणं, बाळंतपण यांतला शब्द काढला नाही. तिला ताप आला तर लोक त्याला सांगत, "ती जरा विसावलीय," आणि तो नारळ नेऊन दाराशी ठेवत असे. लहानपणी तो तिला आके म्हणायचा. त्यानंतर आकेनेसे आणि तुम्ही. ती अजून त्याला तूच म्हणते. हे असंच असतं. पाऊस वरून पडतो तसं.

आणि बहिणीची जीभ भावाच्या वंशावर चालते. ती चांगलं बोलली तर भरभराट. ती दुखावली आणि एक वाक्य बोलली, तर ते वाक्य भावाला लागत नाही, त्याच्या नातवंडांना लागतं. पलीकडच्या गावातल्या सामुएलुने जमिनीच्या बांधावरून बहिणीचा चारचौघांत अपमान केला. ती एवढंच म्हणाली होती, "तुझ्या घराला माझं तोंड दिसायचं नाही." सामुएलुचे तिन्ही नातू एका डोळ्याने आंधळे जन्मले. खरं-खोटं देव जाणे, पण ते तीन मुलगे पेनिआताने स्वतः पाहिले होते. मधला त्याच्याकडे मान वळवून, चांगल्या डोळ्याने बघून हसला होता.

पेनिआताची सून तिरेसा सातव्या महिन्यात होती. पहिलंच.

बुधवारी अकरा

बातमी आकेनेसेनेच गावात दिली. चर्चच्या गाण्याच्या तालमीला गेली आणि आधी तेच सांगितलं. बायकांनी तोंडावर हात ठेवले. दुसऱ्या दिवशी दोघीजणी चटई घेऊन आल्या, तिसऱ्या दिवशी पाद्रीबाई स्वतः आल्या. पाण्याने आकेनेसेला आपलं म्हटलं होतं. असं आजीच्या वेळी झालं होतं, त्यानंतर आत्ताच.

दुकानाच्या ओट्यावर पुरुष सोंगट्या खेळत होते.

"ये, ये, पेनिआता, बस," इलाइआ म्हणाला. तो दुकानदार, खेळताना हरला की जास्त बोलतो. "बहीण संतपदाला पोचली तुझी. आता तू कोण? संताचा झाडूवाला?"

"आधी कोण होतो?"

"आधी नुसताच झाडूवाला."

सगळे हसले. पेनिआताही हसला. म्हातारा सेमिसी हसला नाही. तो सोंगटी हातात धरून बसला होता.

"तुझी आजी," सेमिसी म्हणाला. "मी बारा वर्षांचा असेन. असेच आले होते. दोन्ही पायांवर. बसायची ती, आणि तिचे पाय दिसायचे नाहीत, नुसते झिंगे. आम्ही पोरं भिंतीवर चढून बघायचो."

"भाग्यवान बाई," इलाइआ म्हणाला.

"फार भाग्यवान. वर्ष पुरं झालं नाही. पाण्याने नेली. काय माणसं आली होती मयताला! सहा गावं." सेमिसीने सोंगटी ठेवली. "तुझी चाल, इलाइआ. किती वेळ लावतोस?"

पेनिआताला मयत आठवत नव्हतं. तो तेव्हा चार वर्षांचा होता. त्याला वास आठवत होता. घरभर मोसोईच्या फुलांचं तेल, इतकं की डोळे झोंबत. चटयांना तेल, खांबांना तेल, आजीच्या पायांवर ताटभर फुलं. आणि त्या फुलांच्या खाली दुसरा वास. समुद्राने काठावर टाकलेल्या आणि तीन दिवस कोणी न उचललेल्या गोष्टीचा.

गुरुवारी सकाळी डोहावर आकेनेसे आली, तेव्हा वारा तिच्याकडून येत होता. मोसोईचं तेल.

जे पेनिआता बोलला नाही

तेल का लावलंत?

केव्हापासून लावताय?

नर्सने गेल्या वर्षी साखरेच्या आजारावरच्या गोळ्या दिल्या होत्या, त्या घेता का? घेत नाही, मला माहीत आहे. तुम्ही त्या वाटता. शेजारच्या मावेला दोन, पाद्रीबाईंच्या आईला दोन, ज्याला त्याला, घरी आलेल्याला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही म्हणून.

झिंगे मेलेलं तेवढंच खातात. तुम्हीच मला शिकवलंत.

वाम

आठ वर्षांपूर्वी पुराच्या पाण्यात एक तरुण वाम दगडांत सापडली आणि तिचा कणा मोडला. वरून काही दिसत नव्हतं. ती येऊन कडेला पडून राहायची, डबा फोडला की तोंड उघडायची, खायची. डोळे स्वच्छ. पेनिआताला वाटलं, सुधारतेय.

झिंगे तिच्या शेपटीशी आले. आधी दोन, मग दहा-बारा, मग सगळे. शेपटीपासून पुढे, रोज वीतभर. वाम जिवंत होती, खात होती, मागचं अर्धं अंग झिंग्यांनी झाकलेलं होतं आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. एके दिवशी झिंगे बाजूला झाले तेव्हा खाली पांढरा काटा होता. दुसऱ्या दिवशी ती उलटी तरंगत होती.

त्या दिवशी पेनिआताने आपल्याशीच ठरवलं होतं, की झिंग्यांना आधी कळतं. वामीला शेवटी कळतं. कळलंच तर.

तिरेसाला पाठवलं

जे भावाला बोलता येत नाही ते बाईने बोलावं. पेनिआताची बायको जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा आपिया शहरात बांधकामावर. उरली सून, दुसऱ्या गावाहून आलेली, घरात सगळ्यांत शेवटी जेवणारी.

"मी?" तिरेसा म्हणाली. ती तारोचे कंद सोलत होती. "मी त्यांना सांगू पाय दाखवा म्हणून? बाबा, त्यांनी मला आजवर नावाने हाक मारलेली नाही. 'ए, पाणी आण' म्हणतात."

"पाणीच घेऊन जा. पाय धुवायला. धुता धुता बघ."

"आणि विचारलं कोणी पाठवलं, तर?"

"कोणी नाही म्हण."

"खोटं बोलू? पोटुशी बाई खोटं बोलली तर बाळ तोतरं होतं."

"मग खरं नको बोलूस, खोटं नको बोलूस. पाय धू आणि ये."

ती बादली घेऊन गेली. पेनिआता नारळाच्या झाडाखाली उभा राहून बघत होता. आकेनेसेचं घर चारी बाजूंनी उघडं, सगळं दिसतं. फक्त ऐकू येत नाही. तिरेसा पायरीखाली बसली. बादली ठेवली. आकेनेसे चटई विणत होती, तिने मान वर केली नाही. मग काहीतरी बोलली. तिरेसा बादली उचलून परत निघाली. पाणी तसंच भरलेलं.

"काय म्हणाल्या?"

तिरेसा आधी बसली. श्वास घेतला. "म्हणाल्या, 'ज्याने पाठवलंय त्याला सांग, माझे पाय धुणारे डोहात आहेत.'"

"बरं."

"अजून एक म्हणाल्या."

"काय?"

तिरेसाने दोन्ही हात पोटावर ठेवले. "म्हणाल्या, 'सातवा ना? जप हो. सातव्यात पोराचे डोळे उघडतात.'"

त्या दिवशी तारो कच्चेच राहिले. सगळ्यांनी ते तसेच खाल्ले.

शुक्रवारी मोजले नाहीत

पाऊल दिसत नव्हतं. घोट्याखाली एक हलणारी, काचेची, पायाच्या आकाराची गोष्ट होती.

म्हातारी वाम दगडाखालून अर्धी बाहेर येऊन पडली होती, तोंड उघडून, वाट बघत. तिच्याकडे एकही गेला नाही. तिच्या कल्ल्यांच्या कडेला पांढरी लव धरली होती, पावावर धरते तशी. तिने दगडाला अंग घासलं. पुन्हा घासलं. पाण्यात कातडीचा एक तुकडा तरंगत गेला आणि त्याच्याकडेही कोणी गेलं नाही.

"हिला काय झालंय?" आकेनेसे म्हणाली. "रुसलीय मेली. नोकर पळवले ना तिचे."

"हो."

"तू आठवडाभर हो आणि बरं याशिवाय काही बोललेला नाहीस. तुला मत्सर वाटतोय का रे?"

"नाही."

"वाटू दे. भावाला वाटावा थोडा." ती खूश होती. चेहरा सुजल्यासारखा, कपाळावर घाम. डोहाकाठी, थंड झऱ्याकाठी, सकाळी घाम. "रविवारी चर्चनंतर सगळे इथे येणार आहेत. पाद्रीसाहेबांचे पाहुणे आहेत, तीन गावचे. इथे बसणार मी. तो खालचा दगड हलतोय बघ, माझ्या पायाखालचा. उद्या सकाळी पाण्यात उतर आणि बसव."

पेनिआताने मान हलवली. बसवायला हवा. दगड बसवणं त्याचं काम.

शनिवार

पाणी कमरेपर्यंत. थंडीने मांड्या आखडल्या.

पाण्यात उतरलेला माणूस दगडावर बसलेल्या बाईच्या गुडघ्याच्या पातळीला येतो. एरवी पेनिआता अशा वेळी तोंड फिरवून, पाठीमागे हात घालून काम करायचा. आज तो पहारेने दगडाखालची वाळू उकरत होता, आणि वर आकेनेसे पाद्रीच्या डुकराची गोष्ट सांगत होती.

"तर आदल्या रविवारसाठी पाद्रीबाईंनी कोट धुऊन वाळत घातलेला. पांढरा. हा एवढा कडक स्टार्च. ऐकतोयस ना?"

"ऐकतोय."

"डुक्कर सुटलं. कुठलं? ते काळं, एका कानाचं. सरळ दोरीकडे. कोटाची बाही धरली आणि ओढली."

पाण्याखाली गढूळ झालं, मग निवळलं. झऱ्याचं पाणी आहे, लवकर निवळतं. पहारेच्या हादऱ्याने झिंगे थोडे उठले होते. पेनिआताने पाहिलं.

पावलाच्या चवड्याखाली भोक होतं. नारळाच्या डोळ्याएवढं. कडा पांढऱ्या, नीट कातरलेल्या, स्वच्छ. झिंगे त्यातून आत जात होते आणि बाहेर येत होते, एकामागून एक, रविवारी माणसं चर्चच्या दारातून जातात तसे, न ढकलता. आत काहीतरी फिक्कं, गुळगुळीत होतं. शेजारची दोन बोटं कोळशाच्या रंगाची.

"...आणि बाही गेली त्याच्या डोक्यातून! गळ्यात कोट! आणि धावत सुटलं रस्त्याने, आणि म्हातारा सेमिसी, त्याला धड दिसत नाही, तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, 'प्रणाम, पाद्रीसाहेब!'"

आकेनेसे हसायला लागली. हसताना तिचं सगळं अंग हलतं.

पेनिआताने पहार सोडली. उजवा हात पाण्याखाली पुढे नेला आणि दोन बोटं तिच्या टाचेला लावली.

एक्कावन्न वर्षांत त्याने बहिणीला स्पर्श केला नव्हता.

तो थांबला. पुढे काय होणार ते त्याला माहीत होतं: किंचाळी, दगडावरून उठणं, मग ती एक ओळ. तिरेसाचं पोट त्याच्या डोळ्यांसमोर आलं. सामुएलुचा मधला नातू, मान वळवून हसणारा.

"'प्रणाम, पाद्रीसाहेब!' आणि डुक्कर थांबलंसुद्धा! थांबून त्याच्याकडे बघितलं!"

त्याने तळवा लावला. टाच थंड होती, पाण्याइतकीच. मग मूठ. टाच आता पूर्ण त्याच्या मुठीत होती. ती हसत होती आणि तिचा पाय त्याच्या हातात हसण्याबरोबर हलत होता, आणि झिंगे त्याच्या मनगटावर चढून, चिमटे टेकवून बघत होते. त्याला गुदगुल्या झाल्या. तिथे मेलेलं काही नव्हतं, ते उतरून गेले.

"तू हसत का नाहीस? काल दुकानात सगळे लोळले."

"आके."

ते नाव तिने एक्कावन्न वर्षांत ऐकलं नव्हतं.

"खाली बघ," तो म्हणाला.

तिने बघितलं. पाणी निवळलेलं होतं. भावाचा हात, त्यात तिची टाच.

वर वडाच्या झाडात कबुतर ओरडत होतं. ते ओरडून थांबलं. आकेनेसेचं तोंड उघडलं, आणि पेनिआताने मान खाली घातली, काय यायचं ते डोक्यावर यावं म्हणून. हात सोडला नाही.

"कधीपासून?" ती म्हणाली.

"सेमिसीने प्रणाम केला तेव्हापासून."

ती मोजत असावी. सेमिसी, प्रणाम, हसणं, थांबलेलं डुक्कर.

"जोरात दाब."

त्याने दाबलं.

"अजून."

त्याने अंगठ्याचं नख रोवलं. कातडीत पांढरी चंद्रकोर उमटली आणि तशीच राहिली, भरून आली नाही.

"दाबतोयस ना?" आकेनेसेने विचारलं.

"हो."

जे आकेनेसे बोलली नाही

                    

फेरीबोट

इलाइआच्या गाडीच्या मागच्या हौद्यात चटया टाकून तिला आणली. वाटेत दवाखान्यात नर्सने ओलं कापड वरून थोडं उचललं, परत ठेवलं, आणि म्हणाली, "इथे नाही. आपियाला. आजच्या बोटीने. आणि पाय उंच ठेवा, हृदयाच्या वर, खाली टेकवू नका." मग पेनिआताकडे न बघता म्हणाली, "गुडघ्याखाली कापावा लागेल की वर, ते तिथले डॉक्टर सांगतील."

ते कापड पेनिआताचंच होतं. डोहातून बाहेर काढल्यावर हाताशी दुसरं काही नव्हतं म्हणून त्याने आपल्या कमरेचा भिजलेला लावालावा सोडून तिच्या पायाला गुंडाळला होता, आणि इलाइआने दिलेल्या पोत्यात स्वतःला गुंडाळून गाडीत चढला होता. इलाइआ तेव्हा काही बोलला नाही. इलाइआ काही न बोललेला गावाने पहिल्यांदा पाहिला.

बोटीत गर्दी होती. केळीचे घड, पिंजऱ्यात डुकराची पिल्लं, शाळेचे गणवेश. आकेनेसेला बाकावर आडवं केलं. पाय उंच ठेवायचा. उशा नव्हत्या. तिरेसाच्या मांडीवर जागा नव्हती, तिथे पोट होतं. तेव्हा पेनिआता बाकाच्या टोकाशी बसला आणि बहिणीचा पाय त्याच्या मांडीवर आला, सगळ्यांच्या देखत. ओळखीचे होते, अनोळखी होते. एकेकाने बघितलं आणि एकेकाने तोंड समुद्राकडे वळवलं.

अर्ध्या वाटेपर्यंत ती तशीच आडवी होती. डोळे मिटलेले. मोसोईचा वास आता पातळ झाला होता, आणि खालचा वर आला होता. पिल्लं पिंजऱ्याच्या दुसऱ्या कडेला जाऊन एकमेकांवर चढून बसली होती.

"पेनिआता."

"हं."

"उद्या पाहुणे येतील. तीन गावचे."

"येतील."

"दगड बसला का नीट?"

"नाही. अर्धाच राहिला."

"म्हातारीला कोण घालणार खायला?"

"सेमिसीला सांगितलंय."

"त्याला दिसत नाही. बोट तोडेल ती त्याचं." तिने डोळे उघडले. त्याच्याकडे नाही, तिरेसाकडे बघितलं. तिरेसा समोरच्या बाकावर बसली होती, दोन्ही हात पोटावर, बोटं एकमेकांत अडकवलेली, झाकण लावल्यासारखी.

"ए," आकेनेसे म्हणाली. मग थांबली. "तिरेसा."

तिरेसाने मान वर केली.

"तुझ्या सासऱ्याने आज काय केलं, माहीत आहे तुला?"

"हो, तिना," ती आईला म्हणावं तसं म्हणाली.

"मी त्याला अजून काही बोललेले नाही."

इंजिनाचा आवाज होता.

"बोलेन, नाहीतर नाही बोलणार," आकेनेसे म्हणाली. "पायाचं काय होतं ते बघते आधी." आणि तिने पुन्हा डोळे मिटले.

पेनिआता बसून राहिला. मांडीवरचं वजन थंड होतं. कापडातून पाणी झिरपून पोत्यातून त्याच्या कातडीपर्यंत आलं होतं. आपियाचा किनारा निळ्या रेघेसारखा दिसायला लागला. मुलांनी उभं राहून बोटं दाखवली.

तेव्हा कापडाच्या आत काहीतरी हललं.

अगदी बारीक. एक चिमटा, मग थांबणं, मग दुसरा. ओल्या कापडाच्या घडीत एखादा राहून गेला होता आणि अजून काम करत होता.

पेनिआताने बहिणीच्या चेहऱ्याकडे बघितलं. चेहरा शांत होता. त्याने तळवा कापडावर ठेवला, तिथेच, आणि बोट धक्क्याला लागेपर्यंत तसाच धरून ठेवला.